वळचणीची फळी, खिडकीच्या पट्ट्या आणि झडीचा पाऊस : वाचकांचे प्रश्न

घर अजून बांधून व्हायचे आहे आणि बाहेरचे लाकूडकाम दारात येऊन पडले आहे, अशा वेळी पडणारे प्रश्न या वेळी जास्त आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (खानापूर) : घर ४० बाय ३० फूट आहे. लाकडी वासे, त्यावर मंगळूरी कौले, चारी बाजूंना वळचण दोन फूट बाहेर. कौले अजून चढलेली नाहीत. वाशांच्या तोंडावर ८ इंची फळी मारायची आहे. सुतार म्हणतो, "आधी फळी ठोकू, रंग मागनं मारू." लाकूड कुठले घ्यावे, किती लागेल? मिरगाच्या आधी उरकायचे आहे.

सुताराने सांगितलेला क्रम उलटा करा. आधी रंग, मग फळी. फळी एकदा ठोकली की तिची मागची बाजू, वरची कड आणि कापलेली टोके ब्रशला कधीच सापडत नाहीत, आणि पाणी नेमके तिथूनच शिरते. लाकूड कापलेल्या टोकातून जेवढे पाणी पिते, त्याच्या पासंगालाही सपाट बाजू पुरत नाही. मागून भिजलेली फळी उन्हात तापली की आतली ओल पुढच्या रंगाला ढकलते आणि फोड येतात. मग रंगाच्या कंपनीला शिव्या बसतात, पण चूक क्रमाची असते.

लाकडाचे म्हणाल तर पक्के सागवान सगळ्यांत निर्धास्त, पण फक्त गाभ्याचे. पांढरी कड सागवानाची असली तरी ती बाहेर टिकत नाही, वाळवी तिला आधी धरते. लागवडीच्या कोवळ्या सागवानात ही कड बरीच असते. म्हणून डेपोत किंवा वखारीत फळीची दोन्ही टोके पाहून घ्या. ऐन (वखारीत याला मत्ती म्हणतात) वाशांना आणि तुळयांना उत्तम, पण जड आणि तडकणारे, त्यामुळे एक इंची फळीला आम्ही सुचवत नाही. बिबळा, म्हणजे होन्ने, टिकाऊ आहे, मात्र भिजला की पिवळा रंग सोडतो. बिबळ्याच्या पेल्यात ठेवलेल्या पाण्याला रंग येतो तो हाच. रंग न देता लावलात तर पांढऱ्या भिंतीवर पिवळे ओघळ उतरतील. घरचा वाळलेला फणस असेल तर तो जरूर वापरा, कामाला मऊ आणि अंगाने चांगला असतो.

लाकूड वाळलेले आहे की नाही हे ओलमापक यंत्राने पाहावे. १२ ते १५ टक्के दाखवले तर चालेल, २० च्या वर असेल तर थांबा. यंत्र नसेल तर एका फळीचा तुकडा वजन करून आठ दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा आणि पुन्हा वजन करा. वजन घटत असेल तर ती अजून वाळतेच आहे. ओली फळी लावली तर ८ इंच रुंदीत एक-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आकसते, आणि स्क्रूने दोन्ही कडा धरून ठेवलेल्या असल्या तर मधोमध लांबीच्या दिशेने चीर जाते.

आता हिशोब. लांब बाजूची वळचण ४० अधिक दोन्हीकडचे दोन-दोन, म्हणजे ४४ फूट. दोन बाजू मिळून ८८. छप्पर दोनपाखी आणि त्याचा उतार ३० अंशांचा धरला तर त्रिकोणी भिंतीकडची एकेक तिरकी फळी साधारण १९ फूट ८ इंच भरते. अशा चार, म्हणून ८० धरा. एकूण १६८ फूट. ८ इंच बाय १ इंच या मापाने ९.३ घनफूट होतात. सांधे, गाठी आणि चिरलेली टोके यांसाठी १५ टक्के वर धरून पावणेअकरा घनफूट घ्या. वासे दोन-दोन फुटांवर असतील तर फळ्या १० किंवा १२ फुटी मागवा, म्हणजे प्रत्येक सांधा वाशावर येईल. रंधून झाल्यावर एक इंची फळी सहा-सात सूत उरते. त्याहून पातळ नको.

स्क्रू दोन मापांचे लागतील. वळचणीकडे फळी वाशाच्या तोंडावर बसते, म्हणजे स्क्रू वाशाच्या धाग्याच्या (लाकडातल्या रेषांच्या) दिशेने आत जातो, आणि त्या दिशेने लाकूड स्क्रूला नीट धरत नाही. तिथे १० नंबरचा ३ इंची स्क्रू वापरा आणि दोन स्क्रू एकमेकांकडे किंचित तिरके घाला. त्रिकोणाकडे फळी शेवटच्या वाशाच्या अंगाला बसते, तिथे ८ नंबरचा २ इंची पुरतो. दोन्हीकडे दर दोन फुटांवर दोन स्क्रू. वळचणीला ९२ आणि तिरक्या फळ्यांना ८८ लागतील, म्हणून दोन्हींचे शंभर-शंभर आणा. स्टेनलेसच आणा, ३०४ ग्रेडचे. फळीत ५ मिमीचे भोक आणि वाशात ३ मिमीचे, असे आधी पाडून घ्या. फळीतले भोक स्क्रूपेक्षा सैल असले की फळीला हलायला वाव मिळतो.

फळीच्या वरच्या कडेची उंची हा या कामातला सगळ्यांत नाजूक भाग. प्रत्येक कौल खालच्या कौलावर टेकलेले असते, पण सर्वांत खालच्या ओळीला टेकायला खाली कौल नसते. तो आधार फळीने द्यायचा असतो. म्हणून फळीची कड शेवटच्या रिपेपेक्षा (कौले टेकतात त्या आडव्या पट्टीपेक्षा) साधारण एका कौलाच्या जाडीइतकी वर हवी. कमी पडली तर खालची ओळ वाकून दिसते, जास्त झाली तर कौलाचे नाक वर उचलते आणि पाणी मागे, रिपेकडे वळते. मोजमापावर विसंबू नका. दोन्ही टोकांना दोन-दोन ओळी कौले मांडून पाहा, दोरी धरा, मगच स्क्रू आवळा. कौल फळीच्या पुढे अडीच-तीन इंच आले पाहिजे, म्हणजे पागोळी फळीवरून न ओघळता सरळ खाली पडते.

दोन फळ्यांचा सांधा काटकोनात नको. ४५ अंशांचा तिरका काप घेऊन एक टोक दुसऱ्यावर चढवा आणि वरच्या फळीची उघडी धार पावसाच्या उलट दिशेला ठेवा. आपल्याकडे झड नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा दक्षिण बाजूच्या फळीवर ती धार पूर्वेकडे आणि पश्चिम बाजूच्या फळीवर उत्तरेकडे तोंड करून हवी. फळीची खालची कड सपाट ठेवू नका. मागच्या बाजूला किंचित चढती तासा आणि पुढच्या कडेपासून तीन सूत आत दीड सूत खोल खाच मारा. पाणी त्या खाचेशी तुटते, मागे वाशापर्यंत जात नाही.

रंगाचा क्रम असा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सहाही बाजूंना प्रायमरचा पातळ हात, टोकांना दोन हात. मग एनॅमलचा एक हात. हे सगळे जमिनीवर, सावलीत. जागेवर कापावे लागले तर प्रायमरची डबी शिडीवरच असू द्या, कारण ताजा काप तसाच बसवला तर आधीची सगळी मेहनत त्या एका टोकातून वाहून जाते. स्क्रूची डोकी बुजवून शेवटचा हात फळी बसल्यावर. कौलांची खालची ओळ त्यानंतरच लावायची. भिंतीचे प्लास्टर ताजे असले तरी या फळीला अडचण नाही, ती भिंतीला टेकतच नाही.

पुढे पन्हळ लावणार असाल तर तिचे पकड-पट्टे दर दोन फुटांवर, दहा फुटांना एक इंच उतार, आणि पन्हळीची पाठ व फळी यांत अर्धा इंच फट. चिकटवून लावलेल्या पन्हळीमागे पाचोळा अडकतो आणि फळी दिवाळीपर्यंत वाळत नाही.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : खिडक्यांच्या चौकटीभोवती बाहेरून ३ इंची सागवानी पट्ट्या लावल्या. पट्टी आणि प्लास्टर यांत भेग पडते. दोनदा लांबी (पुट्टी) भरली, एकदा पांढरा सिमेंट भरला, तरी पुन्हा भेग. काय चुकले?

लांबी आणि सिमेंट दोन्ही कडक पदार्थ आहेत. लाकूड पावसाळ्यात फुगते, चैत्र-वैशाखात आकसते, भिंत मात्र जागच्या जागी. दोघांच्या मध्ये कडक वस्तू भरली की ती दर वर्षी तुटणारच. शिवाय तुटलेल्या भेगेतून आत गेलेले पाणी बाहेर यायला वाट राहत नाही, हे अधिक वाईट.

भरलेले सगळे खरवडून काढा. फट दोन-अडीच सूत रुंद करा. तिच्यात फोमची गोल दोरी खोचा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. त्यावर पॉलियुरेथेन किंवा न्यूट्रल सिलिकॉनचे सीलंट भरा. दोरी घालण्याचे कारण असे की सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटला पाहिजे, एकीकडे लाकूड आणि दुसरीकडे भिंत. मागेही चिकटला तर ताणला जाताना फाटतो. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन घेऊ नका, सिमेंटवर ते नीट धरत नाही. आणि सिलिकॉनवर रंग बसत नाही, रंग द्यायचा असेल तर पॉलियुरेथेनच.

सीलंट वरच्या पट्टीला आणि दोन्ही उभ्या पट्ट्यांना भरा. खालच्या पट्टीच्या खालची फट उघडी सोडा. चुकून आत गेलेले पाणी तिथून निथळेल. बरेच गवंडी ही फटही प्रेमाने बुजवून टाकतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

ज्यांच्या पट्ट्या अजून लागायच्या आहेत त्यांनी प्लास्टरवर पाणी मारणे संपल्यावर निदान महिनाभर थांबावे. ओल्या सिमेंटचा क्षार लाकडात उतरला की सागवान काळवंडते आणि तेलरंग सुटतो. पट्टी भिंतीला सपाट न दाबता मागे दोन सूत जाडीचे प्लॅस्टिकचे तुकडे दर दीड फुटाला ठेवून बसवावी. वरच्या पट्टीच्या माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या, तिच्यावर साचलेले पाणी बरोबर कोपऱ्याच्या सांध्यात शिरते. कोपरे ४५ अंशांत जोडलेले सुंदर दिसतात खरे, पण बाहेरच्या कामात ते दुसऱ्या वर्षी उघडतात. वरची पट्टी उभ्या पट्ट्यांच्या डोक्यावर सरळ टेकवा आणि दोन्हीकडे अर्धा इंच पुढे काढा. सागवान तेलकट असते, म्हणून सांध्याला सरस लावण्याआधी ती जागा थिनरच्या फडक्याने पुसा.

प्रश्न (निपाणी) : नव्या सागवानी फळीवर प्रत्येक खिळ्याभोवती काळे डाग आले आणि खाली ओघळले. वाळवी आहे का?

नाही. लाकडातला टॅनिन आणि ओला लोखंडी खिळा यांची शाई झाली आहे. साधे खिळे काढून स्टेनलेस स्क्रू घाला. पितळी स्क्रूही चालतील, पण ते मऊ असतात, भोक पाडल्याशिवाय पिळले तर मान तुटते. डागासाठी एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, ब्रशने लावून वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. ते विषारी आहे, हातमोजे घाला, पोरांपासून दूर ठेवा. खिळे न बदलता डाग काढलात तर पुढच्या पावसात ते परत येतील.

प्रश्न (हल्याळ) : आजोबांच्या घराला होती तशी नक्षीची झालर नव्या घराच्या सोप्याला लावायची आहे. सुताराने एका लांब फळीवर कातरून दाखवली, पण उचलतानाच दोन टोके मोडली.

मोडणारच. आडव्या धाग्याच्या फळीत खाली लोंबणारे टोक कातरले की त्या टोकाच्या मानेत धागा आडवा येतो, आणि आडव्या धाग्याला बळ नसते. जुनी झालर जवळून पाहा. बहुतेक ठिकाणी ती एक फळी नसून तीन-चार इंच रुंदीच्या उभ्या तुकड्यांची रांग असते. प्रत्येक तुकड्यात धागा वरून खाली जातो, म्हणून टोक मजबूत राहते आणि थेंबही त्याच टोकावरून गळतो.

सोप्याची लांबी २० फूट आणि तुकडा ४ इंची असेल तर ६० तुकडे लागतात, पाच जास्तीचे करून ठेवा. उंची ९ ते १० इंच, जाडी पाच सूत. पत्र्याचा किंवा प्लायचा एक साचा करा आणि तीन-चार तुकडे एकत्र आवळून कातरा, नक्षी सारखी येते. नक्षीची छिद्रे कडेपासून निदान पाऊण इंच आत. छिद्रांच्या आतल्या बाजूंना प्रायमर ब्रशने जात नाही, तुकडे डब्यात बुडवून काढा. हे बुडवण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण झालर कुजायला सुरुवात होते ती छिद्राच्या खालच्या काठापासूनच.

तुकडे २ बाय १ इंची आडव्या पट्टीवर, प्रत्येकी दोन स्क्रू, एकाखाली एक. शेजारी शेजारी दोन स्क्रू घातले तर तुकडा आकसताना चिरतो. दोन तुकड्यांत फट किती ठेवायची हे महिन्यावर ठरते. एप्रिल-मेमध्ये बसवत असाल तर एक सूत ठेवा, कारण पावसात ते फुगणार आहेत. श्रावणात बसवत असाल तर टेकवून लावा, फट आपोआप पडेल. त्रिकोणी भिंतीवर उभ्या फळ्या मारणाऱ्यांनीही हाच नियम धरावा.

प्रश्न (अथणी) : दर्शनी लाकडाला रंग नको, सागवान दिसले पाहिजे. पॉलिश दोन वर्षांत सोलून निघाले.

घरातले पॉलिश उन्हात टिकत नाही. फ्रेंच पॉलिश आणि मेलामाईन दोन्ही आतल्या कामासाठी आहेत. पारदर्शक व्हार्निशमधून ऊन थेट लाकडापर्यंत पोचते, वरचा थर सुटतो आणि व्हार्निश त्याच्यासकट पापुद्र्याने निघते. तुमच्याकडे पाऊस कमी, पण ऊन कडक. बाहेरच्या कामासाठीचे, रंगद्रव्य असलेले वुड स्टेन घ्या. ते पापुद्रा न धरता झिजते, म्हणून दोन-तीन वर्षांनी नुसते धुऊन, हलके घासून पुन्हा एक हात देता येतो.

काही सुतार बेल तेल (उकळलेले जवसाचे तेल) सुचवतात. पहिला हात टर्पेंटाईन निम्मे मिसळून दिला तर अथणीकडे चालेल. खानापूर-जांबोटीच्या दमट हवेत मात्र त्यावर काळी बुरशी धरते. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

प्रश्न (जांबोटी) : भिंती चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) आहेत. लाकडी पट्टीचे स्क्रू चिऱ्यात पकडत नाहीत, प्लगसकट बाहेर येतात. तसेच, शेतात स्वतःचे सागवान आहे, ते तोडून वापरावे का? वाळवीसाठी काय?

चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो. ड्रिल मशीनचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर भोक ऐसपैस होते. दीड इंची प्लग विसरा, ३ ते ४ इंच लांबीचे घ्या आणि चिऱ्याच्या मध्यावर घाला. कडेला घातला तर कपचा निघतो. भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय प्लग धरत नाही. वजनदार काम असेल तर भिंत चढतानाच दरजेत सागवानी गट्टू बसवून घ्या, मागे निमुळते होत न जाता मागे रुंद असलेले, म्हणजे ते ओढले तरी निघत नाहीत. भिंत उभी राहिली असेल तर आता लांब प्लगच.

शेतातले झाड तुमचे असले तरी कर्नाटकात सागवान तोडायला आणि त्याची वाहतूक करायला वनखात्याची परवानगी लागते. ती हातात आल्यावरच करवत लावा. आणि या वर्षी तोडलेले लाकूड या वर्षीच्या घराला धरू नका. फळ्या चिरून, मध्ये एक इंची पट्ट्या घालून, छपराखाली रचल्यावर एक इंच जाडीला साधारण वर्षभर लागते. फळ्यांच्या टोकांना जाड रंग फासा, टोके लवकर वाळून चिरतात.

वाळवीचा पहिला उपाय औषध नव्हे, अंतर. बाहेरचा कोणताही लाकडी भाग मातीपासून निदान ८ इंच वर ठेवा. सोप्याचे खांब दगडी तळखड्यावर उभे करण्याची पद्धत यासाठीच होती. पांढरी कड असलेले किंवा कच्च्या जातीचे लाकूड वापरावे लागले तर १० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून त्यात ते बुडवून ठेवा. ओल्या लाकडात हे औषध जास्त आत उतरते, म्हणून चिरल्याबरोबर बुडवावे. काढून प्लॅस्टिकखाली दोन आठवडे झाकून ठेवा, मग वाळवा. पावसात हे क्षार धुऊन जातात, त्यामुळे वरून रंग हवाच. काजूच्या टरफलाचे तेल वाशांना लावतात ते वाळवीला चांगले, पण त्याने कातडी भाजते आणि त्यावर दुसरा रंग नीट बसत नाही. कौलांखाली, जिथे कुणाला दिसत नाही, तिथे लावा. दर्शनी पट्टीला नको.